अंगातलं बळ कुणाच्या हुकमानं?

(ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कोल्हापूर येथील शिबिरात केलेलं भाषण)



मला बोलवायला तुमच्यातल्या एकीचा फोन आला तेव्हा तिनं विषय सांगितला, 'स्त्रियांचा अशक्तपणा'. मी म्हटलं, अगं, मी काही डॉक्टरीण नव्हे, फिजिओथेरपीवाली. गेली तीसेक वर्षं कोल्हापुरात हेच काम करतेय. पेशंट मला 'करंट देणाऱ्या बाई' म्हणतात. अशक्तपणावर नको, स्नायूंवर बोलते. स्नायू हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे आणि घरचाही. या पायऱ्या चढताना तुम्ही पाहिलंच असेल, माझा डावा पाय उजव्यापेक्षा बारीक आहे. त्याची गोष्ट पुढं येईल.

आधी एका बाईची गोष्ट. नाव सांगत नाही, गावही नाही. गळिताच्या हंगामात आम्ही काही जणी आठवड्यातून एकदा ऊसतोड कामगारांच्या तळावर जातो. पाचटाच्या कोप्या, दारात चूल, पोरं धुळीत. तिथं ही बाई आली. वय ३३, नवऱ्याबरोबर एका कोयत्यात जोडलेली. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे तुम्हाला सांगायला नकोच. तक्रार एवढीच, "ताई, हातात जोर राहिला नाही. मोळी डोक्यावर जाता जात नाही. आधी जात होती."

'आधी' म्हणजे कधी, असं विचारल्यावर कळलं, पाच वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली होती. अंगावरून पांढरं जात होतं म्हणून गेली, तर डॉक्टर म्हणाले, पिशवी खराब आहे, पुढं कॅन्सर होईल. पैसे मुकादमानं दिले, उचलीत धरले. अठ्ठाविसाव्या वर्षी पिशवी गेली. ट्रंकेच्या तळाशी तिचं डिस्चार्ज कार्ड होतं. ते वाचलं आणि मी गप्प झाले. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटत होतं, पाळी गेली ती पिशवी गेल्यामुळं, बाकी सगळं जागच्या जागी आहे.

मी तिला हातापायांचे चार व्यायाम दाखवायला लागले. ती हसली. म्हणाली, "ताई, पहाटे चारपासून तेच करतेय की. वाका, तोडा, उचला. याहून आणिक काय व्यायाम?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. आमच्या शास्त्रात तर असंच शिकवतात, की स्नायूला काम द्या, तो वाढेल. ही बाई रोज आठ-दहा तास काम देतेय आणि तिचा स्नायू उतरत चाललाय. असं का? त्याचंच उत्तर आज देते. थोडं शास्त्रात शिरावं लागेल, पण सोपं करून सांगते. मध्ये अडलं तर हात वर करा.

तुमच्यात शिवणकाम करणाऱ्या आहेत ना? मग दुकानातल्या खिळ्याला अडकवलेले कागदी नमुने डोळ्यांपुढं आणा. ब्लाऊजचा, परकराचा, झबल्याचा, सदऱ्याचा, सगळे तिथंच लटकलेले असतात. पण आज शिवलं काय जाणार? जो नमुना खाली काढला तेच. आपल्या पेशींतली जनुकं म्हणजे असे नमुने. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच सगळा गठ्ठा असतो. डोळ्याच्या पेशीत आणि दंडाच्या पेशीत फरक पडतो तो कुठले नमुने काढले आणि कुठले लटकत राहिले, यानं. नमुना काढून त्याबरहुकूम प्रथिन शिवलं गेलं, की ते जनुक 'उघडलं' असं आपण म्हणू.

स्नायूतही तसंच. मायोसिन नावाचं प्रथिन स्नायूला आकसायला लावतं. त्याचा एक प्रकार सावकाश ओढणारा पण दमात न हरणारा असतो. पाठीला, पोटरीला दिवसभर उभं ठेवतो. दुसरा चपळ आणि झटकेबाज, पण लवकर थकणारा. दोन्हींचे नमुने स्नायूच्या प्रत्येक तंतूत आहेत. कुठला काढायचा, हे तंतू एकट्यानं ठरवत नाही. त्याला दोन ठिकाणांहून हुकूम येतात. एक मज्जातंतूतून, म्हणजे नसेतून; आपण नस म्हणतो तीच, रक्ताची शीर नव्हे. हा हुकूम तारेनं येतो, थेट एका घरापुरता. दुसरा येतो हार्मोनकडून. हार्मोन म्हणजे दवंडी. रक्तातून साऱ्या गावभर फिरते, पण ऐकू जाते ती ज्या पेशीला त्या दवंडीचे कान आहेत तिलाच.

नसेचा हुकूम म्हणजे काय, हे मी माझ्या पायावरून शिकले. मी दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. पन्हाळ्याच्या बाजूचं गाव आमचं. आईनं रोज तेल चोळलं, शेक दिला. आजी म्हणायची, पोरीच्या पायातलं रक्त आटलं. कुणी म्हणायचं, स्नायूच मेला. खरी गोष्ट वेगळी होती. पोलिओचा विषाणू या आजारात पायाच्या स्नायूला मारत नाही. तो पाठीच्या कण्यातल्या, स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. स्नायू धडधाकट असतो, तार मात्र तुटलेली. मग हुकूम येईना झाला की स्नायूच्या आत काही जनुकं बंद होतात आणि काही भलतीच उघडतात. त्यातली दोन २००१ साली शास्त्रज्ञांच्या हाती लागली, अ‍ॅट्रोजिन-१ आणि मर्फ-१. यांच्यापासून तयार होणारी प्रथिनं स्नायूची बांधणी उसवायला लावतात. नस तुटली, पाय महिनाभर प्लास्टरमध्ये राहिला, माणूस उपाशी राहिला, तरी हीच दोन जनुकं जोरात चालतात. म्हणजे पाय 'वाळतो' तो रक्त आटून नव्हे. तो उसवला जातो, आणि उसवण्याचं काम स्नायू स्वतःच करतो.

माझ्या पायात ज्या थोड्या नसा वाचल्या त्यांनी फुटवे काढले आणि शेजारच्या अनाथ तंतूंना जोडून घेतलं. त्या जोरावर मी चालू शकते. घरात मात्र चर्चा पायाची नव्हती, लग्नाची होती. असो, तो आजचा विषय नाही.

नस स्नायूला नुसतं जगवत नाही, त्याचा स्वभावही ठरवते, हे १९६० साली ऑस्ट्रेलियात दिसून आलं. आर्थर बुलर, जॉन एकल्स आणि रोझामंड एकल्स यांनी मांजरांमध्ये एक सावकाश स्नायू आणि एक चपळ स्नायू यांच्या नसा कापून अदलाबदल करून जोडल्या. सावकाश स्नायू चपळ व्हायला लागला, चपळ होता तो संथ. यातल्या जॉन एकल्सना पुढं १९६३ साली दुसऱ्या कामासाठी नोबेल मिळालं. रोझामंड ही त्यांची मुलगी. हा प्रयोग सांगताना वडिलांचं नाव सगळे घेतात, म्हणून मी तिचं मुद्दाम घेते.

मग प्रश्न आला, नसेतून असं काय येतं? काही औषधी रस, की नुसता ठोका? याचं उत्तर शोधणाऱ्यांत गर्टा व्हर्बोवा ही बाई होती. स्लोव्हाकियातली ज्यू मुलगी. नाझींच्या काळात आईवडील गेले, ही वाचली, प्रागमध्ये डॉक्टर झाली, १९५८ साली दोन मुलांना घेऊन देशातून निसटली आणि पुढं इंग्लंडमध्ये संशोधन केलं. १९६९ साली तिनं आणि स्टॅनली सॅमन्स यांनी सशांच्या चपळ स्नायूच्या नसेला सेकंदाला १० असे संथ, अखंड विजेचे ठोके आठवडे न् आठवडे दिले. चपळ स्नायू संथ झाला. नस तीच होती, बदलला होता फक्त ठोक्याचा ठेका. मी रोज पेशंटना करंट देते तेव्हा मला ही बाई आठवते.

ठेक्यावरून जनुक कसं उघडतं, हेही आता बरंच कळलंय. ठोका आला की तंतूत कॅल्शियम सुटतं. ठोके थांबून थांबून आले तर कॅल्शियम येतं आणि ओसरतं. संथ पण अखंड आले तर थोडं कॅल्शियम सतत राहतं. ते कॅल्सिन्युरिन नावाच्या एका एन्झाइमला जागं करतं. ते एन्झाइम दुसऱ्या एका प्रथिनाचा अडसर काढतं, आणि ते प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरून संथ, दमदार तंतूचे नमुने खाली काढतं. म्हणून रोज दहा मैल चालणाऱ्या बाईच्या स्नायूत आणि पलंगाला खिळलेल्या तिच्याच बहिणीच्या स्नायूत फरक पडतो. अर्थात नुसत्या ठोक्यांनी कुणीही पी. टी. उषा होत नाही. नमुन्यांचा गठ्ठा प्रत्येकीचा थोडा वेगळा असतोच.

आता दवंडीकडं येऊ. इथं आपल्यावर फार जुना अन्याय आहे, म्हणून जरा थांबते.

पुरुषांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वयात आल्यावर बायकांच्या दहापट आणि त्याहूनही जास्त असतं. ते स्नायूच्या पेशीत शिरतं, आपल्या कानाला, म्हणजे ग्राहक-प्रथिनाला चिकटतं आणि दोघं मिळून थेट जनुकांवर जाऊन बसतात. स्नायू जाड होतो. हे खरं आहे, नाकारायचं कारण नाही. पण यावरून आपल्याकडं निष्कर्ष काय काढतात? बाईचं अंगच नाजूक. या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं. गल्लोगल्ली तालमी. पण त्या तालमींच्या मातीत मुलींचं पाऊल पडायला किती काळ गेला! महाराष्ट्र केसरी १९६१ पासून, आणि बायकांची महाराष्ट्र केसरी २०२३ साली, सांगलीत. प्रतीक्षा बागडी पहिली. मधली ६२ वर्षं आपल्या नाती-लेकींच्या नसांना शड्डूचा ठेका मिळालाच नाही. व्यायाम दिला तर बाईच्या मूळ ताकदीच्या मानानं होणारी वाढ पुरुषाच्या वाढीच्या तोडीची असते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियाटारोन या डॉक्टर बाईंनी सरासरी ९० वर्षांच्या म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांकडून आठ आठवडे वजनं उचलून घेतली. १९९० साली निकाल छापला, पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. माझ्याकडं सत्तरीच्या बायका येतात, "आता या वयात काय व्हायचंय" म्हणत. त्यांना मी हा आकडा तोंडपाठ सांगते.

आणि नुसती दवंडी पिटली म्हणून ऐकू जातेच असं नाही. मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो ही स्पेनची अडथळ्यांची धावपटू. १९८५ साली जपानमधल्या कोबे इथल्या विद्यापीठ स्पर्धांच्या वेळी चाचणी झाली आणि तिच्या पेशीत वाय गुणसूत्र निघालं. बदनामी झाली, पदकं-विक्रम काढून घेतले. ती झगडली. तिच्या पेशींना टेस्टोस्टेरॉनचे कानच नव्हते, अंगात ते असून त्याचा स्नायूला काडीचा उपयोग नव्हता. १९८८ साली तिला परत घेतलं. आपल्या द्युती चंदला २०१४ साली राष्ट्रकुल स्पर्धांतून वगळलं, तिनं दाद मागितली आणि २०१५ साली क्रीडा लवादानं तो नियम स्थगित केला. पुढं नियम पुन्हा कडक होत गेले, आणि २०२५ पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्समध्ये महिला गटात उतरायला जनुकाची एक चाचणी लागते. जनुक आहे का, एवढंच ती सांगते. त्याचं पुढं अंगात काय झालं, ते सांगत नाही.

आता इस्ट्रोजेन. अंडाशयात तयार होणारं हे हार्मोन पाळीचं आणि गर्भाचं, एवढंच आपल्याला शाळेत सांगितलं. पण स्नायूच्या तंतूंना इस्ट्रोजेनचेही कान आहेत. फिनलंडमध्ये एक सुंदर अभ्यास झाला, २००९ साली छापला गेला. पाळी गेलेल्या एकसारख्या जुळ्या बहिणींच्या १५ जोड्या. नमुन्यांचा गठ्ठा दोघींचा तोच. एक बहीण काही वर्षं हार्मोनच्या गोळ्या घेणारी, दुसरी न घेणारी. घेणारीच्या पायात जोर जास्त होता, चालण्याचा वेगही जास्त. गठ्ठा तोच, दवंडी वेगळी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. स्नायूच्या तंतूंना चिकटून काही राखीव पेशी झोपलेल्या असतात. स्नायूला इजा झाली की त्या उठतात आणि डागडुजी करतात. उंदरांच्या माद्यांची अंडाशयं काढली तर या राखीव पेशी कमी होतात, असं २०१९ साली दिसलं. पाळी जाण्याच्या काळात बायकांतही त्या घटतात, असं त्याच अभ्यासात आढळलं.

आता त्या कोपीतल्या बाईकडं परत जाऊ. ती विचारत होती, याहून आणिक काय व्यायाम? नसेचा हुकूम तिच्या स्नायूला भरपूर मिळत होता, त्यात कमी नव्हती. पण कामानं स्नायूला रोज बारीक बारीक इजा होते, आणि तो वाढतो तो विश्रांतीत, डागडुजी होताना. तिची डागडुजीची फौज अठ्ठाविसाव्या वर्षीच पांगायला लागली असणार. त्यात झोप चार-पाच तास. अपुरी झोप, उपासमार, सततची धास्ती यांनी कॉर्टिसोल वाढतं, आणि ती दवंडी स्नायूत नेमकी उसवणारी जनुकं उघडते. पोटभर जेवणानंतर इन्शुलिन येतं, ते ही जनुकं दाबून ठेवतं. तर ताटात भाकरी आणि ठेचा. शिवायला कापडच नाही म्हणा ना. शिवाय एक खाडा झाला की पैसे कापले जातात, मग विश्रांती कशी घ्यायची?

सगळं खापर अंडाशयावर फोडून मी मोकळी होणार नाही. मी तिला सीपीआरला पाठवलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. दम लागायला आणि जोर न राहायला तेवढंही पुरतं. थायरॉइडही बघायला सांगितलं, कारण तो बायकांत जास्त बिघडतो आणि कमी पडला की स्नायू मंदावतो. ते ठीक निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. हार्मोनच्या गोळ्यांचं तिथल्या डॉक्टर बाई पुढच्या भेटीत बघणार होत्या. पण पुढची भेट झाली नाही. फड संपला, टोळी दुसऱ्या कारखान्याकडं गेली. मोबाइल नवऱ्याकडं, तो उचलत नाही.

ही एकटी नव्हे. २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं भाग पडलं. पण या बायका हंगामात आपल्या कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत असतात. आपल्या वाटणीला त्या सहा महिने येतात आणि आपण त्यांना 'परगावच्या' म्हणून सोडून देतो. आपली साखर गोड लागते ना?

तेव्हा तळावर गेल्यावर एवढं करा. बाई "पिशवी काढली" म्हणाली की तिथंच थांबू नका. अंडाशयं ठेवली का काढली, हे विचारा. तिला माहीत नसेल, तर कार्ड मागा. नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं राहिली, तर इस्ट्रोजेन येत राहतं, मात्र काही जणींत ती थोडी लवकर थकतात. दोन्ही अंडाशयं गेली असतील आणि बाई पंचेचाळिशीच्या आतली असेल, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या का, याचा विचार स्त्रीरोगतज्ज्ञांनी करायचा असतो. स्तनाचा कर्करोग झालेल्यांना त्या सहसा देत नाहीत, रक्ताची गुठळी झालेल्यांना फार जपून. म्हणून दुकानातून आणून कुणाला देऊ नका, फक्त तपासणीपर्यंत पोचवा. हाडांचीही काळजी त्याच वयात सुरू होते. आणि अजून पिशवी आहे, पण 'खराब आहे' असं कुणी सांगितलंय, अशी बाई भेटली तर तिला दुसऱ्या डॉक्टरकडं नेल्याशिवाय पैसे भरू देऊ नका.

तुमच्यापैकी काही जणींनी आपापल्या भागातल्या बायकांची कार्डं आणलीयत, असं मघाशी कळलं. त्यांनी जेवणानंतर थांबा. डॉक्टरांचं अक्षर मला वाचता येतं, चष्माही आणलाय.